पाण्याखालच्या गावाला जाऊन आले

माझ्या आईला विकलं होतं, असं मी लहानपणापासून ऐकत आले. कोणी विकलं, कोणाला विकलं, कशासाठी विकलं, हे सांगणारं कोणी नव्हतं. आमच्या केजच्या घरात भांडण झालं की माझी आत्या आईला म्हणायची, "विकलेली बाई तू, तुझं माहेर कुठलं?" आई उलटून बोलायची नाही. तिला न्यायला कधी कोणी आलं नाही. दिवाळी नाही, पंचमी नाही. मी चौथीतून शाळा सोडली, त्यानंतर थोड्याच वर्षांनी ती गेली. माझ्या लग्नात माझ्यामागं मामा म्हणून उभा राहायला वडिलांचा एक ओळखीतला माणूस आणला होता. त्याला विडी ओढायची घाई झालेली.

लग्नानंतर मी नवऱ्याबरोबर इचलकरंजीला आले. यंत्रमागासाठी सुताच्या कांड्या भरल्या, पोरं वाढवली, नवरा गेला. माहेर-बिहेर असल्या गोष्टींना वेळ नव्हता. पण गेल्या दिवाळीत घरच्या एका बारशात माझी जाऊ नेमकं तेच बोलली. "विकलेल्या बाईची पोरगी." आम्ही दोघी आता दात पडलेल्या म्हाताऱ्या, तरी तिला ते आठवलं. माझी सून मंगल शेजारीच होती. मला ती आत्या म्हणते. घरी आल्यावर म्हणाली, "आत्या, विकलेली म्हणजे काय हो? खरंच विकलं होतं?"

मी म्हटलं, "मला ठाऊक नाही."

ते बोलले आणि मलाच कसंतरी झालं. मी मेले की हे विचारणारंही कोणी राहणार नाही आणि नातवंडांच्या तोंडी फक्त 'विकलेली' एवढंच राहील. मी मंगलला म्हटलं, मी बीडकडं जाऊन येते. ती म्हणाली, मीही येते. तिनं आयुष्यात कधी मराठवाडा पाहिला नव्हता. तिला वाटत होतं तिकडं सगळं रखरखीत असेल.

केज

मार्गशीर्ष लागला होता. सकाळी एसटीतून उतरलो तर स्टँडवर धुकं. चहाच्या गाड्याचा धूर कुठला आणि धुकं कुठलं ते कळत नव्हतं. माणसं त्यातून निघत होती आणि त्यातच परत जात होती. मंगलनं नाश्त्याला काय आहे विचारलं. गाडीवाला म्हणाला, "सुशीला हाय." मंगल इकडं तिकडं बाई शोधायला लागली. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणी घातलेला प्रकार. वरून डाळं आणि कोथिंबीर. मी कितीतरी वर्षांनी खाल्ला. आमच्याकडं इचलकरंजीला चुरमुरा म्हणजे भडंग, कुरकुरीत पाहिजे. इथं तो मऊ करून खातात. दात नसलेल्यांना हाच बरा.

आमच्या घराच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. मी दारात उभी राहिले तर पोरीनं विचारलं, "रिचार्ज का आजी?" मी नाही म्हटलं. वाईट वगैरे काही वाटलं नाही. घर तेव्हाच गळत होतं.

तहसील कचेरीत जुनी कागदपत्रं बघायला मिळतात असं मंगलनं कुठूनतरी काढलं होतं. तिथला कारकून भला माणूस निघाला. त्यानं बसायला खुर्ची दिली.

"काय पायजे माय?"

"आईचं माहेर शोधायचंय."

"आईचं नाव?"

"गंगूबाई."

"त्यांच्या वडलांचं?"

"ते माहीत असतं तर इथं कशाला आले असते?"

तो हसला. पण त्यानं माझ्या वडिलांच्या जमिनीचा खासरा, म्हणजे नोंदीचा जुना कागद, काढून दिला. मंगलनं वाचून दाखवला. वडिलांचं नाव होतं, आज्याचं होतं. विहिरीची नोंद होती. बांधावरच्या चिंचेच्या झाडाचीही नोंद होती. आई कुठंच नव्हती. चिंच सापडली आणि बाई सापडली नाही. त्या कागदात बायकांना रकानाच नव्हता, त्याला तो कारकून तरी काय करणार. त्यानं आम्हाला चहा पाजला. चहा इतका गोड की चमचा उभा राहावा.

मग शेजाऱ्यांकडं वळलो. गल्लीत आमच्या वेळचं एकच माणूस उरलं होतं, शेवंताआक्का. माझ्यापेक्षा बरीच थोरली. उन्हात बाजेवर बसून होती. मला ओळखायला तिला वेळ लागला. ओळखल्यावर म्हणाली, "आगं, किती वाळलीस!"

"तू काय फुगलीस का?" मी म्हटलं.

आईचं विचारलं तर तिनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं डोळा लागला. मग डोळे मिटूनच बोलायला लागली.

"तुझी माय आडाचं पाणी शेंदताना चिडायची. म्हनायची, आमच्या बाभूळथडीला नदीच दारात येती, हितं दोराला हात सोलून घ्यावं लागत्यात. आमी हसायचो. कुठली नदी, कुठलं दार. तू लहान हुतीस, तुला काय ठावं."

बाभूळथडी. हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं. आई माझ्यासमोर कधी बोलली नव्हती, किंवा बोलली असेल आणि मी ऐकलं नसेल.

तेलगावची वाट

बाभूळथडी तेलगावच्या पुढं कुठंतरी, एवढंच स्टँडवर कळलं. केजहून शेअरच्या जीपनं तिकडं निघालो. पुढच्या सीटवर एक शेळी होती. तिच्या मालकानं तिचं भाडं दिलेलं, त्यामुळं ती उठायला तयार नव्हती. मी आणि मंगल मागं. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. एकामागं दोन दोन ट्रॉल्या, जीप त्यांच्यामागून बैलगाडीच्या चालीनं चाललेली. कोणाला घाई नव्हती. मलाही नव्हती.

मंगलला आश्चर्य वाटत होतं. दोन्ही अंगांना हिरवागार ऊस, उसाला तुरे आलेले. तुऱ्यांवर ऊन पडलं की ते चांदीसारखे हलायचे, सगळं रान श्वास घेतंय असं वाटायचं. मधेच कापसाचं शेत. उरलासुरला कापूस झाडांवर तसाच लटकत होता. कापूस पाहिला की मला मागाचा आवाज ऐकू येतो, ही आयुष्यभराची खोड. इथं आवाज नव्हता. जन्मभर ज्या सुताच्या कांड्या भरल्या ते सूत इथं असं मुकाट्यानं झाडावर वाळत बसतं, हे मी विसरूनच गेले होते. जीपच्या हलण्यानं माझे डोळे मिटले. झोप नव्हती ती. डोळ्यांपुढं एक नदी होती आणि ती खरोखर दारात येत होती. उंबऱ्याशी थांबायची, आत यायची नाही.

"आत्या, तोंड उघडं ठेवून झोपू नका, धूळ जाते," मंगल म्हणाली.

मी ड्रायव्हरला विचारलं, बाभूळथडीला कसं जायचं?

"कंची? जुनी का नवी?"

"जुनी."

"जुनी तर धरणात गेली आजी. वर पाणी हाय लई."

"मग पाण्यात सोड."

"पवता येतं का?"

"मला नाही येत. तू येशील ना बरोबर."

जीपमधली सगळी हसली. शेळीसुद्धा ओरडली. मग त्यानं नीट सांगितलं. माजलगावचं धरण झालं तेव्हा गाव उठलं, वर माळावर नवी बाभूळथडी वसवली. बरेच लोक पैसे घेऊन शहराकडं गेले. "कावून शोधताव?" त्यानं विचारलं. कावून म्हणजे कशासाठी. हा शब्द मी कधीच विसरून गेले होते. कोल्हापूरकडं असं बोललं तर लोक हसतात, म्हणून लग्नानंतर पहिल्या वर्षातच मी तो टाकून दिला होता. आता तो असा रस्त्यात परत भेटला.

"माझी आई तिथली," मी म्हटलं.

नवी बाभूळथडी

रात्री माजलगावात राहिलो आणि सकाळी दुसरी जीप धरली. त्या जीपवाल्यानं आम्हाला भलत्याच फाट्यावर उतरवलं. कालव्याच्या कडेनं चालत जावं लागलं. मंगलच्या चपलेचा अंगठा तुटला. तिनं चप्पल हातात घेतली आणि मराठवाड्याला नावं ठेवत चालली. कालव्यातलं पाणी आमच्याबरोबर चालत होतं, अजिबात आवाज न करता. धुकं अजून विरलेलं नव्हतं. समोरून बायका डोक्यावर वैरण घेऊन आल्या तर आधी नुसती वैरणच हवेत चालताना दिसली, बायका नंतर दिसल्या.

नवं गाव सरळ रेषेत आखलेलं आहे. रस्ते एकमेकांना काटकोनात. पण लोक जुन्या गल्ल्यांचीच नावं सांगतात. 'वरली आळी' म्हणतात ती आता सपाट जमिनीवर आहे, 'खालची आळी'सुद्धा. वर काही नाही आणि खाली काही नाही, तरी वरच्या आळीची माणसं खालच्यांना अजून कमी समजतात.

मारुतीच्या देवळापुढं काही बायका उन्हात तूर निवडत बसल्या होत्या. मी गंगूबाईबद्दल विचारलं. कोणालाच माहीत नाही. त्यांच्यात सगळ्यात म्हातारी धुरपदाबाई. ती म्हणाली, "गंगू हे सासरचं नाव आसंल. लग्नात बदललेलं. म्हायेरचं काय?"

आईला माहेरचं वेगळं नाव असेल, हे सत्तर वर्षं ओलांडली तरी माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझं स्वतःचं नाव लग्नात बदललं होतं, तरीसुद्धा नाही.

"कुठं दिलती?"

"केजला."

बायका आपसात बोलायला लागल्या. केजला कोण दिली? चंद्री दिलती, ती बाळंतपणात गेली. अजून कोण? एक म्हणाली, कोंडी. दुसरी म्हणाली, कंची कोंडी? कोंड्या तीन होत्या. काळी कोंडी परळीला दिली. तोतरी कोंडी गावातच. मग धुरपदाबाईनं सुपावर हात आपटला.

"आगं, धनगराची कोंडी! विकलेली कोंडी! ती केजला दिलती."

मी म्हटलं, "आम्ही धनगर नाही. शेतकरी आहोत."

"मी कुठं म्हनते धनगर हाव? ती शेतकऱ्याचीच पोर. पन धनगरणीला विकलेली."

"कितीला विकली?"

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मग हसायला लागल्या. मला राग आला. मंगलनं माझा हात धरला.

"कितीला म्हंजे? सूपभर कोंड्याला! नाव कोंडी उगंच का पडलं?" धुरपदाबाई म्हणाली. "तुझ्या आजीची पोरं जगत न्हवती. झालं की जायचं. मग ही झाली तवा उकिरड्यावर नेऊन ठिवली, आन् सखू धनगरणीनं सूपभर कोंडा देऊन इकत घेतली. म्हंजे सटवाई न्यायला आली तर म्हनायचं, ही आमची न्हाईच, आमी इकली. आमच्याकडं काय मागती? आन् पोरगी जगली का न्हाई? तू हाईस म्हंजे जगलीच की!"

कोंडाबाई नावाच्या किती बायका मी पाहिल्या होत्या. कांडीच्या खात्यात माझ्या शेजारीच एक बसायची. त्या नावात खरोखरचा कोंडा आहे, हे कधी ध्यानात आलं नाही. नाव हे नाव असतं, त्याला कोण फोडून बघतं.

मला आधी हसू आलं. आईला मरू द्यायचं नव्हतं म्हणून विकली होती. आणि तीच गोष्ट आत्यानं जन्मभर तिच्या तोंडावर मारली. मग हसू थांबलं. आईला हे ठाऊक नव्हतं असं होणार नाही. ठाऊक होतं, तरी ती गप्प बसायची. कारण विकलेली म्हटल्याचं तिला दुःख नसणारच. न्यायला कोणी आलं नाही, याचं होतं. त्याचं उत्तर अजून मिळालं नव्हतं.

मी विचारलं, माझ्या आजोळचं कोणी आहे का? नाही म्हणाल्या. घरदार पाण्यात गेलं, माणसं पुण्याकडं गेली, कोणाचा पत्ता नाही. "पन सखूचा म्हाळू हाय की. तुझा मामाच तो."

म्हाळूमामा

गावाबाहेर माळावर जाळी लावून मेंढरं बसवली होती. म्हाळूमामा उंच आणि वाकलेला, डोक्याला पांढरं मुंडासं, खांद्यावर घोंगडी. वय नव्वदीला टेकलेलं. धुरपदाबाईनं लांबूनच ओरडून सांगितलं, "म्हाळू, कोंडीची लेक आली रं!"

त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग म्हणाला, "चल, गाव दावतो." जसं काही जेवायच्या आधी मला हात धुवायला नेतोय.

आम्ही उतारानं पाण्यापर्यंत गेलो. गावात ऊन आलं तरी पाण्यावर धुकं तसंच, पलीकडचा काठ दिसत नव्हता. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं, कळत नव्हतं. पाण्यातून वाळक्या झाडांचे शेंडे वर आलेले आणि प्रत्येकावर एकेक काळा पक्षी पंख उघडून वाळवत बसलेला. म्हाळूमामा काठी उचलून पाण्याकडं दाखवत होता, आणि दाखवता दाखवता चालत होता, जसा गल्लीतून चाललाय.

"हितं पार. त्याच्या म्होरं सुताराचं घर. ह्या वाटंनं ग्येलं की नदी. नदीला लागून तुझ्या आज्याचं. दारात पानी यायचं पुरात. तुझी माय पायरीवर बसून पाय सोडायची."

मी बघत होते. थोड्या वेळानं मला पायरी दिसायला लागली. म्हणजे दिसली नाही, पाणीच होतं. पण तो बोलत असेपर्यंत ती तिथं होती. मंगलही तिकडंच बघत होती, तुटकी चप्पल हातात धरून.

त्याच्या घरी जेवलो. येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ, आमटीला दाट करतं. आमच्याकडच्या तांबड्या रश्शात भाकरी बुडते, इथं आमटीच भाकरीवर बसते. मंगलनं दोनदा मागून घेतली. मी बोटं चाटून झाल्यावर सरळ विचारलं.

"मामा, आईला न्यायला कोणी का आलं नाही?"

त्यानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"तुझा आजा येणार न्हवता. भ्यायचा. एकदा इकली, आता माजी म्हनून आनली तर सटवाईच्या ध्यानात येईल, आसं त्येला वाटायचं. मुराळी आमच्याच घरचा जायला पायजे हुता." मुराळी म्हणजे सासुरवाशिणीला माहेरी आणायला जाणारा, बहुतेक भाऊच. "आन् लगीन झालं तवा आमी मेंढरं घेऊन चारायला खाली गेलतो. परत आलो तर पोरगी सासरी गेल्याली. माजी आई लई भांडली तुझ्या आज्याशी. मग फुडल्या साली मेंढरं घेऊन केजवरनंच गेलो. मी बारका हुतो."

"केजला आला होतात?"

"आलतो की. आईनं लाल चोळी घेतली हुती. गल्ली सांगितल्याली, मारुतीच्या देवळामागची. जावयाचं नाव काय आईच्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई. आमी दारोदार इचारलं. धनगराची कोंडी कुठं दिलीया? लोक म्हनले, हितं कोंडी न्हाई. धनगराची पोर तर कोनीच न्हाई. सगळी गल्ली फिरलो. आई देवळाच्या पायरीवर बसून रडली. पन मेंढरं थांबत न्हाईत. ती म्होरं गेली, मग आमीबी."

गल्लीत कोणी खोटं बोललं नव्हतं. तिथं कोंडी नव्हती, गंगू होती. धनगराची नव्हती, शेतकऱ्याची होती. ती त्याच वेळी आडावर पाणी शेंदत असेल, किंवा आत चुलीपुढं फुंकणी फुंकत असेल. नाव ऐकलं असतं तर धावत आली असती. ऐकलं की नाही, ते आता सांगणारं कोणी नाही.

"चोळीचं काय केलं?" मंगलनं विचारलं. तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. माझ्या नाही आलं, मला खोटं सांगायचं नाही.

"देवीला वाहिली," तो म्हणाला.

दुपारची जीप चुकवून चालणार नव्हतं. निघताना मी त्याच्या पाया पडायला वाकले. तो गडबडीनं मागं सरला.

"आगं आगं! भाचीनं मामाच्या पाया पडायचं नसतं. पाप लागंल मला. उभी ऱ्हा."

आमच्याकडं कोल्हापूरला भाची मामाच्या पाया पडते. इथं उलटं, मामाच भाचीच्या पाया पडतो, हेही मी विसरले होते. कोण शिकवणार, मामाच नव्हता. मी म्हटलं, मामा, तुम्हाला वाकता येत नाही, राहू द्या. तो ऐकेना. काठी मंगलच्या हातात दिली, एक हात गुडघ्यावर ठेवला आणि कण्हत, थांबत, पुन्हा वाकत खाली गेला. माझे पाय धुळीनं भरलेले, टाचा फुटलेल्या. मी पाय मागं घ्यायला लागले तर मंगल ओरडली, "आत्या, हलू नका!" मी हलले नाही. त्याचा हात माझ्या दोन्ही पावलांना लागला. मग आम्ही दोघींनी मिळून त्याला उभं केलं.

रस्त्यापर्यंत तो आला. जीप आली. मी चढून बसले तेव्हा त्याच्या ध्यानात आलं.

"आगं, तुजं नाव काय?"

"माहेरचं छबू. सासरचं शांता. दोन्ही ध्यानात ठेवा."

"छबू," तो म्हणाला. "शांता. छबू. शांता."

जीप सुटली तरी तो काठी टेकून रस्त्यात उभाच होता आणि त्याचे ओठ हलत होते.